तीसच्या आत

जानेवारी सरत आला तरी धुकं काही जबलपूरच्या गढ्यावरून उठायचं नाव घेत नव्हतं. सुखराम निमजेनं स्कूटरला लाथा मारमारून ती चालू केली, मफलर नाकावर ओढला आणि समोरच्या दूधवाल्याच्या लाल दिव्यामागं दिवा धरून चालू लागला. फॅक्टरीच्या गेटवर पोचेस्तोवर त्याच्या भुवया ओल्या झाल्या होत्या. हजेरी लावून तो शेडमध्ये शिरला. भट्टी रात्रीची तापलेलीच होती, म्हणून आतली हवा निम्मी उबदार, निम्मी बर्फासारखी. दोन हात चोळून त्यानं शिडीची पहिली कांब धरली.

शिडी सरळसोट होती, भिंतीला चिकटवलेली. माणूस मागं कलंडून पडू नये म्हणून तिला पाठीमागून लोखंडी कड्यांचा पिंजरा केलेला. वर छपराखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत क्रेन, आणि क्रेनच्या पोटाला लटकलेली काचेची केबिन. सुखरामची बावीस वर्षं त्या केबिनीत गेली होती. आधी तो ही शिडी गाणं गुणगुणत चढायचा. आता मध्ये थांबावं लागायचं, कड्याला पाठ टेकून. पाठ टेकायला फार मागं जावंही लागत नसे, इतका तो पिंजरा त्याला पुरेपूर झाला होता.

वर पोचला की मात्र तो दुसराच माणूस होई. खाली ललित हातातल्या साखळ्या धातू ओतायच्या साच्याच्या पेटीला अडकवायचा आणि अंगठा वर करायचा. हुक वर. तळहात आडवा फिरवला की थांब. दोन बोटं डावीकडं, की डावीकडं. शेडमध्ये एवढा गडगडाट की बोलायची सोयच नाही, सगळं काम हातवाऱ्यांवर. पाळीभर त्याच्याशी कोणी एक शब्द बोलत नसे, आणि खरं सांगायचं तर याच गोष्टीसाठी तो त्या केबिनीवर जीव टाकायचा. घरी आल्यावर बायकोचं, हेमलताचं, गॅस संपला, नळाला पाणी नाही, मुलीला, अवंतीला, बघायला कोण येणार, काकांच्या घरच्या हिश्शाचं काय झालं. खाली शेडमध्ये चार्जमन, युनियन, पेन्शनच्या गोष्टी. वर काहीच नाही. वर फक्त हुक आणि ललितचा हात. सहा वर्षं राहिली होती निवृत्तीला. ती तिथंच काढावीत, एवढंच त्याचं मागणं होतं.

त्यासाठी त्यानं एक सवय लावून घेतली होती. सकाळी चहाचा अर्धा कप, मग सुटीच्या भोंग्यापर्यंत पाणी नाही. पाणी प्यालं की उतरावं लागतं, उतरलं की परत चढावं लागतं. क्रेनवरची सगळीच जुनी माणसं असंच करत. डबा मात्र वर नेलेला असे. भाजी-पोळी, वर शेव, हेमलतानं दिलेला लाडू. खायचं, बसायचं, दांडे हलवायचे. बावीस वर्षांत या बसण्यातून पोट तयार झालं, जसं खुर्चीच्या गादीला खड्डा पडतो तसं, हळूहळू, कोणाच्या ध्यानात न येता.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात वार्षिक तपासणी आली. दवाखान्यात नवीन डॉक्टर आली होती, क्षमा मॅडम, इंदूरची मराठी मुलगी, अवंतीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. वजन ब्याऐंशी किलो. उंची एक मीटर साठ. तिनं कागदावर फार किचकट गणित केलं नाही. उंचीच्या मीटरला उंचीच्याच मीटरनं गुणलं, त्या आकड्यानं वजनाला भागलं आणि उत्तराभोवती गोल केला. बत्तीस.

सुखरामला त्या गोलाचा अर्थ माहीत होता. दोन उन्हाळ्यांमागं शेजारच्या शेडमध्ये सौमित्रदा केबिनीतच भोवळ येऊन पडले होते. सौमित्रदा म्हणजे बंगाली माणूस, देहानं अगडबंब, स्वभावानं लोणी. त्यांना उतरवायला चौघं वर चढले. पिंजऱ्याच्या कड्यांतून ते शरीर येईना. शेवटी दोर बांधून, सरकवत, ओरबाडत खाली आणलं तेव्हा चौघांचेही हात सोलवटले होते. त्या चौघांत ललित होता. सौमित्रदा वाचले, मुलीकडं निघून गेले, आणि इकडं नियम आला. उंचीवर काम करणाऱ्याचा आकडा तीसच्या आत पाहिजे. नाही तर खाली.

"माझं हाडच जड आहे मॅडम," सुखराम म्हणाला. "आमच्या घराण्यातच."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी मेजाच्या खणातून शिंप्याकडं असते तशी टेप काढली, त्याला सदरा वर करायला लावला आणि बेंबीवरून ती फिरवली. एकशे चार सेंटिमीटर. पुरुषाची कंबर नव्वदच्या आत असावी, त्या म्हणाल्या.

"हाड बेंबीपाशी नसतं काका."

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या आवाजातही दिवसभर तेच तेच बोलल्याचा शीण होता. हा आकडा म्हणजे नुसती चाळणी. पहिलवानाचं मांस आणि बसलेल्या माणसाची चरबी काट्याला सारखीच लागते, म्हणून आखाड्यातला धडधाकट गडीही कधी कधी या चाळणीत अडकतो. उलट हडकुळा माणूस सुटून जातो आणि त्याच्या पोटात साखर वाढत असते. म्हणून चाळणीत जो राहिला त्याला हातानं बघायचं. टेप लावायची, रक्त बघायचं. आपल्या लोकांना तर तेवीसच्या वर गेलं की सावध व्हावं लागतं, पंचवीसपासूनच आजार जवळ यायला लागतात, तीस ही फॅक्टरीची सूट आहे. सुखरामची साखर काठावर आली होती, रक्तदाब थोडा वर. चार महिने देते, त्या म्हणाल्या. तोवर खाली काम.

चाळणीचं त्याला पटलं. खाली काम, हे मात्र घशात अडकून बसलं.

दुसऱ्या दिवशी ललित शिडी चढला आणि सुखराम साखळ्या उचलून खाली उभा राहिला. ललितनं क्रेनचा परवाना कधीच काढून ठेवला होता. जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नाराज नको होऊ सुखरामभाऊ. तुला दोरानं उतरवायची माझी हिंमत नाही आता. सौमित्रदाच्याच टायमाची पाठ धरून राहिली अजून."

शेडमधल्या पोरांनी दोन दिवस गंमत केली. कोणी म्हणे हत्ती पुलावरून उतरला, कोणी म्हणे आता क्रेन हलकी चालून राहिली. तिसऱ्या दिवशी त्यांना दुसरा विषय मिळाला.

आता निमजेंच्या घरात वजन कमी करायचं म्हणजे काय करायचं, याचं उत्तर सगळ्यांना एकच माहीत होतं. उपास. नागपूरहून आजोबांबरोबर आलेली ही रीत, तिच्यावर कोणी शंका घेतली नव्हती. हेमलतानं त्याच संध्याकाळी देवापुढं दिवा लावून वार ठरवून टाकले. सोमवार महादेवाचा, गुरुवार गजानन महाराजांचा, चतुर्थी, एकादशी, आणि शिवरात्र तर तोंडावरच होती. सुखरामनं हूं की चूं केलं नाही. पोट मारायची त्यानं मनापासून तयारी केली. केबिनीसाठी तो निर्जळी उपासालाही तयार होता.

पण हेमलता काही त्याला उपाशी ठेवणारी नव्हती. दिवसभर साखळ्या उचलून आलेला नवरा. उपासाच्या दिवशी सकाळी साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट हात सैल सोडून, तूप वरून. डब्यात बटाट्याचा कीस आणि शेंगदाण्याचा लाडू. संध्याकाळी भगर आणि दाण्याची आमटी. आणि जबलपुरात राहून उपासाला खव्याची जिलबी चालत नाही म्हणणारा अजून जन्माला यायचा आहे. काळपट, जाडजूड, पाकानं जड झालेली ती जिलबी खव्याची आणि आरारोटाची, धान्याचा कण नाही, म्हणजे उपासाला शुद्ध. फॅक्टरीतून येताना सुखराम स्वतःच बांधून आणायचा. उपासाच्या माणसानं एवढं तरी गोड खावं, असं वाटायचं त्याला, आणि खाताना पुण्य लागल्यासारखं डोळे मिटायचा.

अवंती राइट टाउनच्या एका शाळेत शिकवायची. तिला मराठी सगळं कळे, बोलताना मात्र जीभ हिंदीकडं वळे. तिनं एकदा ताट पाहून सांगितलं होतं, "बाबा, ये उपास है कि शादी का खाना?" हेमलता तिच्यावर डाफरली. देवाचं थट्टेवारी नेऊ नये म्हणाली. सुखराम दोघींच्या मधून ताट घेऊन उठला आणि दारात जाऊन बसला.

महिन्यानं काट्यावर उभा राहिला, तर त्र्याऐंशी किलो सहाशे. वाढलं होतं.

क्षमा मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. काय काय खाऊन राहिले, विचारलं. सुखरामनं एकेक सांगितलं. लपवायचं त्याच्या मनातही आलं नाही, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. जिलबीपाशी आल्यावर मॅडमनी तळहात आडवा फिरवला, ललितसारखा, थांब म्हणून.

"माझी आई पण हेच करते," त्या म्हणाल्या. "देवाला काय तो उपास करा काका. वजनासाठी नका करू. वजनाला साबुदाणा म्हणजे साखरच."

घरी आल्यावर सुखराम बराच वेळ बूट न काढता खाटेवर बसून राहिला. हेमलतानं विचारलं, काय झालं. त्यानं सांगितलं. तिचा चेहरा पडला. महिनाभर पहाटे उठून दाणे भाजले होते तिनं.

"मी काहून वाईट करीन तुमचं?" ती म्हणाली.

"तुझं नाही म्हणून राहिलो मी."

"मग कोणाचं म्हणून राहिले?"

तो बूट काढायला वाकला. दोघंही थकलेले होते आणि भांडायलाही जीव लागतो. रात्री तिनं ज्वारीची एक भाकर, वरण आणि मेथीची भाजी वाढली, आणि आपल्याही ताटात तेवढंच घेतलं. तिचे गुरुवार मात्र तिनं सोडले नाहीत. गुरुवारी ती केळं खायची आणि त्याला भाकर करून द्यायची, तोंड जरा फिरवून.

त्यानंतरचे तीन महिने सुखरामला कसे गेले ते विचारू नये. भाकर मोजकी, शेव बंद, लाडू बंद. चहात साखर नाही म्हणून चहाच प्यावासा वाटेना. शेडमध्ये पेट्यांमागून पेट्या. साखळी उचल, अडकव, अंगठा वर, बाजूला हो, चाल, दुसऱ्या टोकाला जाऊन सोडव. गुडघे ठणकायचे. होळीनंतर ऊन चढलं तसं पत्र्याखालची हवा भट्टीच्या हवेत मिसळून एकच झाली. घरी येऊन तो न बोलता जेवायचा आणि बसल्या बसल्या डोळा लागायचा. पँट ढिली झाली, हेमलतानं दोनदा टाके घातले. शेजारपाजारचे म्हणू लागले, निमजे आजारी आहेत का. बरं वाटतंय असं त्याला एकदाही वाटलं नाही. नुसतं कमी कमी होत चाललोय असं वाटायचं.

पाणी मात्र तो खालीही पीत नसे. माठ दहा पावलांवर होता, उतरायचं नव्हतं की चढायचं नव्हतं, पण बावीस वर्षांची सवय. तहान लागली की तोंडात बडीशेप टाकायची. मग तपासणी जवळ आली आणि त्याला आणखी एक गोष्ट कळली. पाणी नाही प्यालं तर काटा तेवढाच खाली राहतो. हे त्याला कोणी शिकवलं नाही. आखाड्यातली पोरं कुस्तीआधी हेच करतात म्हणे.

मेच्या अखेरीस, तपासणीच्या आदल्या संध्याकाळपासून त्यानं पाण्याचा घोट घेतला नाही. त्या रात्री लू, उन्हाळ्यातला तो गरम वारा, पहाटेपर्यंत वाहत होती. सकाळी हेमलतानं माठाचा गार पेला पुढं केला तर म्हणाला, आल्यावर पितो.

दवाखान्यात कंपाउंडर कुठं बाहेर गेला होता. बाकावर चार माणसं पेंगत बसलेली. सुखरामनं चपला काढल्या, पट्टा काढला, खिशातल्या किल्ल्या बाकावर ठेवल्या आणि काट्यावर उभा राहिला. शहात्तर किलो पाचशे. अवंतीनं मोबाइलवर आधीच करून दिलं होतं, शहात्तर आठशेपर्यंत तीसच्या आत. त्यानं परत एकदा वाचलं. मग उतरला आणि भिंतीला धरून बसला, कारण उतरताना खोली जरा कलल्यासारखी झाली.

केबिन. पुढल्या सोमवारी सकाळी शिडी, वरचा दांडा, खाली ललित. ना कोणाशी बोलायचं, ना कोणाचं ऐकायचं. त्याला रडू यावं इतकं सुटल्यासारखं वाटलं, पण रडायला डोळ्यांतही ओल नव्हती.

मॅडमनी आत बोलावलं. आधी टेप लावली. कंबर शहाण्णववर आली होती, त्यांनी मान डोलावली. साखर उतरली आहे, कालच अहवाल आला, म्हणाल्या. मग दंडाला पट्टा बांधला, नाडी धरली आणि त्यांचं बोट तिथंच राहिलं. जीभ दाखवा. त्यानं दाखवली. हाताच्या मागची कातडी त्यांनी चिमटीत धरून सोडली, ती हळू खाली बसली.

"पाणी कधी प्यालात?"

त्यानं सदरा खाली ओढला.

मॅडमनी बाहेर आवाज दिला, मग स्वतःच उठल्या, माठातून स्टीलचे दोन मोठे पेले भरून आणले आणि त्याच्यापुढं ठेवले. "हे प्या. पंधरा मिनिटं बसा. मग वजन घेऊ."

सुखराम पेल्यांकडं बघत राहिला. पेल्यांवर गारव्याचे थेंब जमले होते. एका पेल्यात पाव लिटर. दोन्ही मिळून अर्धा किलो. शहात्तर पाचशे अधिक पाचशे. एवढा हिशोब त्याला मोबाइलशिवाय येत होता.

"आधी वजन घ्या मॅडम. मग पितो. सगळं पितो."

"नाही."

"मॅडम, चार महिने झाले. माहा जीव लागून राहिला त्या केबिनीत."

मॅडमनी पेला त्याच्याकडं आणखी सरकवला. बाहेर पंखा कर्रकर्र करत होता. नाही म्हणता आलं असतं त्याला. उठून जाता आलं असतं, उद्या येतो म्हणून सांगता आलं असतं. पण त्याच्या डोळ्यांपुढं सौमित्रदा आले. पिंजऱ्यात अडकलेले नव्हे, त्याच्या आदल्या दिवशीचे. सुटीच्या भोंग्यानंतर नळाला तोंड लावून घटाघटा पाणी पिणारे सौमित्रदा, तेही दिवसभर वर कोरडेच बसायचे, सगळ्यांसारखे. त्यांच्या पोटाकडं सगळ्यांनी बघितलं. नियम पोटाचा निघाला. त्यांच्या तहानेचं कोणी काही विचारलं नाही आणि जे जाणत होते त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दर दोन तासांनी उतरा म्हणाले असते.

"ते सौमित्रदा पडले ना," तो म्हणाला, "ते पण पाणी नव्हते पीत. आम्ही कोणीच नाही पीत मॅडम वर. उतरावं लागते म्हणून."

मॅडमनी लेखणी खाली ठेवली. सगळेच का, त्यांनी विचारलं. हाव, तो म्हणाला, सगळेच.

मग त्यानं पेला उचलला. पहिला घोट घशाला टोचला. दुसऱ्यानंतर त्याला थांबता येईना. दोन्ही पेले त्यानं रिकामे केले आणि तोंड पुसलं.

पंधरा मिनिटांनी सत्त्याहत्तर किलो. तीस पूर्णांक शून्य आठ. मॅडमनी आकडा लिहिला आणि त्याभोवती गोल केला नाही. शून्य आठानं माणूस आजारी होत नाही आणि बराही होत नाही, त्या म्हणाल्या. तुमची तब्येत चार महिन्यांमागं होती त्यापेक्षा पुष्कळ चांगली आहे. पण नियमात तीस लिहिलं आहे, तिथं मला सही करता येत नाही. दोन आठवड्यांनी या. पाणी पिऊन या, नाही तर काट्यावर उभंच करणार नाही. आणि वर पाणी न पिण्याचं मी वरिष्ठांना लिहिते, बाटली ठेवायची आणि मध्ये उतरायची सुटी द्यायची, कोण ऐकतं बघू.

ऐकलं तर वर गेल्यावरही दिवसातून दोन-तीनदा उतरावं लागणार होतं. दोन-तीनदा ती शिडी. सुखरामनं मान हलवली. त्याला राग आला नाही. राग यायला लागते तेवढी ताकद त्या दोन पेल्यांनी अजून आणली नव्हती. दोन आठवडे म्हणजे आणखी दोन आठवडे भाकर मोजकी, साखळ्या, ठणकते गुडघे. त्यानं पट्टा बांधला, नव्या छिद्रात.

शेडमध्ये तो पोचला तेव्हा ओतकाम नुकतंच संपलं होतं आणि पेट्या धुमसत होत्या. वर काचेआड ललितनं दोन्ही हात पसरून विचारलं, काय झालं म्हणून. सुखरामनं एक हात हलवला, नंतर सांगतो असा. मग दोन्ही हातमोजे चढवले, साखळीचा ढीग उकलला आणि सगळ्यात पहिल्या पेटीपाशी वाकला. एक कडी अडकवली. पलीकडं जाऊन दुसरी अडकवली. ताण बघितला, बाजूला सरला आणि अंगठा वर केला.